काचेच्या पेटीतल्या तीन वाणी

सकाळी साडेसहाला रुखमाबाईनं काचेच्या पेटीवरची जाळी उचलली, आणि तिचा हात तिथंच थांबला.

तीन वाणी मेल्या होत्या.

जित्या वाणीला बोट लावलं की ती रुपयासारखी गोल वळते. या तिघी सुतळीचे तुकडे पडावे तशा सरळ पडल्या होत्या. रुखमाबाईनं एकीला काडीनं डिवचलं. वळली नाही.

शेतकऱ्याच्या घरात वाणी पाळतात, हे बोरी अरब गावात कुणाला सांगून पटत नव्हतं. पेरणी झाली की हाच हजार पायांचा किडा सोयाबीनचे कोंब कुरतडतो. लोक त्याला वेचून रॉकेलात बुडवतात. पण नात अर्पितानं शेताच्या धुऱ्यावरून सात वाणी आणून पेटीत ठेवल्या, आणि कॉलेजसाठी पुण्याला जाताना आजीच्या हवाली केल्या. होस्टेलात किडे चालत नाहीत म्हणे. आजीही चालत नाही, पण ते कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला फोन वाजायचा. "आजी, वाणी दाखव." दहा मिनिटं. मुलगा गोपाल नागपुरात. त्याचा फोन आठ दिवसांनी, तोही 'गोळ्या घेतल्या का' एवढ्यापुरता. रुखमाबाईला पक्कं ठाऊक होतं, पोरगी फोन करते ती वाणीसाठी. वाणी गेल्या की फोन गेला.

चार अजून जित्या होत्या. त्यांना वाचवायचं तर मारणारा सातच्या आत सापडायला हवा होता.

पेटीच्या काचेवर अर्पिताचा कागद चिकटवलेला होता. रुखमाबाईची शाळा दुसरीपर्यंत, म्हणून पोरीनं झाडांची चित्रंच काढली होती. मनी प्लांट, फर्न, शेवाळ यांच्यापुढं बरोबरची खूण. कण्हेर आणि रुईवर फुली. खाली मोठाल्या अक्षरांत लिहिलेलं: 'विकतचं झाड फवारलेलं असतं. मुळं धुऊन पंधरा दिवस बाहेर ठेव. मगच आत.'

विकत आणलेला स्पायडर प्लांट रुखमाबाईनं आठच दिवस बाहेर ठेवला होता. पेटी फोनात बोडकी दिसते म्हणून. पण चोर शोधायचा तर सुरुवात स्वतःपासून करायची, ही रीत तिला मान्य नव्हती.

पहिली सापडली नंदाबाई, झाडू-पोछ्याला येणारी.

"काल फरशी कायनं पुसली वो?"

"फिनाईलनं. नेहमीचंच."

"पेटीवर उडवलं काय?"

"मी जोळ तरी जातो काय त्याच्या, काकू? मले शिसारी येते. देवानं एवढे पाय देले, अन् अक्कल एकाचीबी नाही."

"पायात अक्कल असती त तू कलेक्टर झाली असती, गावभर हिंडतं. जाळी कोनी उचलली त नव्हती?"

"मले काय मालूम? काकाजी उभे राह्यतात तिथी कधी कधी. मी आली का बाजूले सरकतात."

काकाजी म्हणजे नवरा, रामराव. रुखमाबाईनं ते कानाआड केलं. म्हातारा माणूस उभाच राहील, उडणार थोडाच आहे.

तिनं टेबलाखाली वाकून पाहिलं. मुंग्यांची रांग साखरेचा दाणा ओढत चालली होती. फरशीवरचं फिनाईल मुंग्यांना सोडून जाळीबंद पेटीतल्या वाणीला कसं मारेल? नंदाबाई सुटली.

दहाला दारव्ह्याच्या युनूसची झाडांची गाडी वेशीपाशी लागली. रुखमाबाई त्याच्याचकडून घेतलेला स्पायडर प्लांट मुळासकट उपटून घेऊनच गेली.

"युनूस, याच्यावर काय फवारलं व्हतं?"

"अम्मा, बोहनीच्या टाईमले इल्जाम?"

"इचारलं तेवढं सांग."

"फवारलं असतं त हे काहून राह्यलं असतं?" युनूसनं एक पान उलटं केलं. मधल्या शिरेला हिरवा मावा चिकटला होता. नखानं ढकलला, तर चालायला लागला. "घरवाली आयशाबी रोज बोंबलते, मावा लागलेलं झाड इकू नोको म्हून."

"मंग मले काहून इकलं?"

"तुमी घासाघीस किती केली, अम्मा!"

रुखमाबाई पान निरखत राहिली. एकाही पानाला वाणीचा दात लागलेला नव्हता. युनूसही सुटला. तिच्या जिवाला बरं वाटलं, आणि लगेच वाईटही. बाहेरचं कुणी उरलं नव्हतं.

घरी आली तेव्हा रामराव ओसरीत चहा पीत बसले होते. सदऱ्याच्या खिशाला रुपयाएवढा फिका गुलाबी डाग.

"पान सुरू केलं काय पुन्यांदा?"

"नाही."

एरवी दिवसभरातलं त्यांचं बोलणं तेवढंच असायचं. भांडण नव्हतं काही. पीठ सरावं तसं दोघांतलं बोलणं सरलं होतं, आणि दळण कुणी टाकलं नव्हतं.

रुखमाबाईनं पेटीतलं कुजकं लाकूड बाजूला केलं. तिघी मेल्या होत्या त्या या लाकडाच्या कडेलाच. फोनात पुढचीच बाजू दिसते, म्हणून लाकडामागच्या कोपऱ्यात तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

तिथं पाच कोंब होते. तीन बुडापर्यंत खाल्लेले, दोन शाबूत, जाड, जोडीनं उघडलेल्या पानांचे. आणि पाचही एका ओळीत, चार-चार बोटांवर.

तण आपोआप उगवतं. पण तण ओळ धरत नाही.

तिनं एक कोंब उपटला. पानाला टरफल चिकटलेलं होतं. टरफलाच्या बेचकीत गुलाबी रंग.

रुखमाबाईनं त्या कोपऱ्यातली माती खरवडून काढली, चारही वाणी कोरड्या पानांच्या डब्यात हलवल्या, आणि ओसरीत येऊन नवऱ्यापुढं तो कोंब ठेवला.

"हे कोनं पेरलं?"

रामरावांनी कप खाली ठेवला.

"मी सांगतो मंग. फिनाईलनं मेल्या असत्या त खालच्या मुंग्या राह्यल्या नसत्या. युनूसच्या झाडावर मावा जित्ता फिरून राह्यला, म्हंजे ते झाड जहरी नाही. मेल्या त्या कोंबापाशी. कोंब सोयाबीनचा. चार बोटाची ओळ धरून पेरनारा हात या घरात एकच हाये. अन् घरच्या बियाण्याले रंग नसते. रंग असते पेरनीच्या उरलेल्या थैलीतल्या बियाण्याले, औषध चोळलेल्या. तो रंग तुमच्या खिशाले लागला."

"म्या धुतलं व्हतं," रामराव म्हणाले. "दोन डाव. रंग गेला, म्हून वाटलं औषधबी गेलं."

"रंग पान्यानं जाते. औषध कोंबात चढते. त्याच्याच भरोशावर त लोक पेरतात. पन्नास वर्षं वावर करून हे तुमाले समजू नये?"

"समजाले पायजे व्हतं."

"मंग कायले पेरलं? तुमाले त्या सुखानं जगू द्यायच्या नव्हत्या काय?"

रामरावांनी कोंब उचलला, तळहातावर ठेवला.

"त्यायले सोयाबीनच आवडते, हे माह्याइतकं कोनाले मालूम? सारी उमर वाणी हाकलल्या म्या. वाटलं, आता दोन दाने त्यायच्या नावानं पेराव. कोंब लाकडाच्या वर आले असते, त फोनात दिसले असते." ते थांबले. "पोरगी इचारीन, हे कोनं लावलं. तू सांगशीन, आजोबानं."

रोज सातला रुखमाबाई फोन घेऊन पेटीपाशी बसायची, तेव्हा हा माणूस इथं, दोन हातांवर, बसलेला असायचा. एकदाही तिनं फोन त्याच्याकडं वळवला नव्हता. दहाच तर मिनिटं असायची.

सातला फोन वाजला.

"आजी, वाणी दाखव."

"आजोबाशी बोल," ती म्हणाली, आणि फोन रामरावांच्या हातात दिला.

"बाई," रामराव म्हणाले, "तीन मेल्या. म्या मारल्या." मग त्यांनी सगळं सांगितलं, बियाणं, धुणं, ओळ, काही न लपवता.

"उद्या बोलते," अर्पिता म्हणाली. फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सातला दोघं एकाच बाजेवर बसले होते, मध्ये फोन. सात वाजून गेले. साडेसात झाले. रामरावांनी दोनदा फोन उलटा करून पाहिला.

पावणेआठला वाजला. रुखमाबाईनं हात पुढं केला, आणि एका बोटानं फोन नवऱ्याकडं सरकवला. मग चुलीवर काही नसताना स्वयंपाकघरात गेली.

तिथून ऐकू येत होतं. "हो बाई... चारी बऱ्या हायेत... घरचं बियानं? बिनऔषधाचं? हाये न, गाडग्यात हाये... सांग, कसं पेरू?" इतकं लांब बोलणं तिनं त्यांच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलं नव्हतं. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली.

"आजी? हाये न, आतमंदी हाये," रामराव म्हणाले. "बोलतं काय तिच्यासंग?"

पोरगी 'नको' म्हणाली तर ते कानावर पडू नये म्हणून रुखमाबाईनं नळ सोडला.