दातातला दोरा

तळेगाव स्टेशनाजवळ माझं शिवणाचं दुकान आहे. तीस वर्षं नवऱ्यामुलींचे ब्लाऊज शिवते आणि मोजपट्टी सांगेल तेवढंच खरं मानते.

अपूर्वानं तिच्या आईच्या लग्नातला हिरवा ब्लाऊज आणला, तेव्हा बघताक्षणी म्हटलं, "अगं, हा तुझ्या दंडालासुद्धा व्हायचा नाही."

ती हसली, पण डोळे भरले. आई गेली तेव्हा ती आठ महिन्यांची होती. "काकू, तिचं एवढं एकच राहिलंय. लग्नात हेच घालायचंय मला."

सोबत आंदर मावळातली तिची मावशी, बयाबाई, आली होती. ती ब्लाऊजला हातही लावत नव्हती.

मी बाजूच्या शिवणी उसवल्या. आत जास्तीचं कापड नव्हतंच. चार बोटं कमी पडत होतं. जोड शोधू उद्या, म्हणून ब्लाऊज कपाटात कुलपात ठेवला.

सकाळी बघते तर दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं कापड आत दुमडलेलं. घडीतला हिरवा रंग अगदी कोरा. स्वतःलाच म्हटलं, इंदिराबाई, चष्म्याचा नंबर वाढला तुमचा. आणि मशीनवर बसले.

दुपारी अपूर्वानं घालून पाहिला. छान बसला. मलाच फार बरं वाटलं. फक्त डावा खांदा जरा उचलत होता.

"काढू नकोस, दोन टाके अंगावरच घालते."

"थांबा," बयाबाई म्हणाली. "आधी तिच्या दातात दोरा द्या."

कापड अंगावर शिवताना दातात दोरा धरावा, नाहीतर आयुष्य तुटतं, असं जुन्या बायका म्हणतात. मी हसत तुकडा दिला.

"हिच्या आईच्या अंगावर मांडवात ह्यो ब्लाऊज मीच टाचला व्हता," बयाबाई खाली बघत म्हणाली. "गडबडीत दोरा द्यायचा ऱ्हायला. तवापासनं झोप न्हाई लागत."

"मावशी, आई तापानं गेली," अपूर्वा दात न उघडता म्हणाली.

मी टाके घातले. खांदा बसला. आरशात बघून पोरगी खूश झाली. तोंडातला दोरा काढून तिनं माझ्या तळहातावर ठेवला.

दोन होते.

एक माझ्या रिळाचा. दुसरा विटलेला, टोकाशी चावलेला.

बयाबाईनं बराच वेळ पाहिलं. "धरला बया हिच्या आईनं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली.

मी तो जुना दोरा बोटांत धरला.

तोही ओला होता.