गाभण शेळीचे दोन फोटो

"हरकतीची मुदत काल संपली," असं म्हणून कारकुनाने आत्याचा अर्ज खिडकीतून परत सरकवला.

आत्या जागची हलली नाही. तिच्या मागे तिची तीन भाचरं उभी होती. सगळ्यांत मोठी मोजपट्टी. उंचीमुळे आणि दिसेल ते मोजत सुटायच्या खोडीमुळे तिला हे नाव पडलं होतं. तिचा चुलतभाऊ रेडिओ, जो झोपला तरच बंद व्हायचा. आणि मोजपट्टीची बहीण धाकटी, जिचं माणसांपेक्षा शेळ्यांशी जास्त जमायचं. महिन्याच्या तीन तारखेला तिघं सुट्टीसाठी आत्याकडे आली, ती अजून मुक्काम ठोकून होती.

झालं होतं असं, की नगररचना कार्यालयाने धोरण बदलून नवा आराखडा काढला होता. वस्तीमागचं कुरण जुन्या नकाशात हिरवं होतं. नव्यात ते पिवळं झालं, म्हणजे तिथे इमारती उठणार. आत्याच्या अकरा शेळ्या त्या कुरणावर जगत होत्या. कुरण गेलं तर सगळ्या विकाव्या लागणार, आणि शेळ्यांशिवाय आत्या ही कल्पनाच कोणाला करवत नव्हती.

कारकून म्हणाला, नोटिशीचा फलक कुरणाच्या फाटकावर तीस दिवस लावलेला होता. आत्या म्हणाली, त्या फाटकातून मी रोज दोनदा जाते, फलक सोडा, चिटोराही दिसला नाही. एवढ्यात आतून नकाशेवाले साहेब आले. आराखडा त्यांनीच केलेला.

"बाई, तुम्हाला वाचायची सवय नाही, त्याला आम्ही काय करणार?" ते हसत म्हणाले.

धाकटीच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. ती तिघंही रोज त्याच फाटकावर बसून पाय हलवत गप्पा मारायची. म्हणजे साहेब धडधडीत खोटं बोलत होते, आणि वर आत्यालाच हसत होते!

मोजपट्टी मात्र भिंतीवरचा कागद वाचत होती. त्यावर लिहिलं होतं, की अकरा ते एक या वेळेत कोणालाही फाईल बघता येईल. तिने फाईल मागितली. कारकून म्हणाला, पोरांना देत नसतो, मोठ्या माणसाला आणा.

"मी आहे की मोठी," आत्या म्हणाली आणि बाक ओढून बसली.

फाईल आली. शेवटच्या पानावर दोन फोटो डकवलेले होते. दोन्हींत कुरणाचं फाटक आणि त्यावर नोटिशीचा फलक. एकाखाली पेनाने लिहिलं होतं एक तारीख, दुसऱ्याखाली तीस. फलक पहिल्या दिवशी होता आणि शेवटच्या दिवशीही होता, याचा हा पुरावा. मोजपट्टीने सावल्या मोजल्या. दोन्हींत त्या सारख्याच निघाल्या, पण कारकून म्हणाला, दोन्ही फोटो सकाळी दहाचे आहेत. झालं, तोही मुद्दा गेला.

धाकटी फोटोला नाक लावून बघत होती. पहिल्या फोटोत एक शेळी कॅमेऱ्याकडे टक लावून उभी होती. दुसऱ्यात तीच शेळी फलकाचा कोपरा चावत होती. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा आकडाही वाचता येत होता, चारशे सतरा.

"आत्या, ही आपली भुरी," धाकटी हळूच म्हणाली. "आणि तीस तारखेलाही ती गाभण कशी?"

आत्याने चष्मा चढवला. पोट असं डेरेदार, की भुरी आता व्याते की मग, असं वाटावं. अहो, पण भुरी तर पाच तारखेलाच व्याली होती! पहिलं करडू अडलं म्हणून गुरांचे डॉक्टर धावत आले होते आणि कंदील धरावा तशी टॉर्च धरून धाकटी त्यांच्या शेजारी बसली होती.

तिथून चौघं तडक डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी नोंदवही उघडली. बिल्ला चारशे सतरा, पाच तारीख, दोन करडं, शेळी सुखरूप. त्यांनी लगेच सहीशिक्क्याचा दाखला दिला आणि म्हणाले, आराखड्यावर सही होण्याआधी खुली सुनावणी असते, तिथे मीही येतो.

तिसऱ्या दिवशी सुनावणी होती. मुख्य अधिकारी मॅडम आराखड्यावर सही करायला पेन उघडून बसल्या होत्या. मोजपट्टीने त्यांच्यापुढच्या फाईलमधलं फोटोंचं पान उघडलं आणि शेजारी दाखला ठेवला. रेडिओने एका दमात सगळी हकिगत सांगितली, आणि या वेळी त्याला कोणीही गप्प बस म्हटलं नाही.

नकाशेवाले साहेब म्हणाले, शेळ्या काय, सगळ्या सारख्याच दिसतात.

दार उघडलं. आत्या भुरीला घेऊन आत आली, मागून दोन करडं उड्या मारत. शिपाई अडवायला धावला, पण एक करडू थेट टेबलाखाली शिरलं. मॅडमनी स्वतः वाकून भुरीच्या कानातला बिल्ला वाचला. मग फोटो बघितला. मग साहेबांकडे.

साहेबांचा चेहरा पडला. ऑफिसात फलक एकच आहे, ते पुटपुटले. चार गावांना तोच जीपमधून फिरवतो. लावायचा, दोन फोटो काढायचे आणि पुढच्या गावाला न्यायचा. पुन्हा खेप नको म्हणून तारखा नंतर टाकतो.

मॅडमनी पेन बंद केलं. चारही गावांचे बदल त्यांनी तिथेच रद्द केले. कुरण हिरवंच राहील, असं स्वतःच्या हाताने फाईलवर लिहिलं आणि साहेबांना आपल्या खोलीत बोलावलं. मग मुलांकडे वळून म्हणाल्या, तीस वर्षांच्या नोकरीत इतकी बारकाईने वाचलेली फाईल मी पाहिली नाही, शाब्बास. डॉक्टरांनी धाकटीच्या पाठीवर थाप मारली. ती लाजून भुरीच्या मागे लपली.

"आता झालं ना समाधान?" मॅडमनी आत्याला विचारलं.

आत्याने टेबलाखालचं करडू ओढून काखेत घेतलं.

"आजच्यापुरतं झालं," ती म्हणाली. "पुन्हा कोणी नकाशा पिवळा केला, तर पुन्हा येऊ. आणि तेव्हा अकराच्या अकरा घेऊन येऊ."