नखं उद्या कापली तरी चालतील

मांजर माझ्या हातातून निसटलं, कपाटावर चढलं आणि तिथून थेट दारातल्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर उतरलं.

"तुमचंच का हे?" मी विचारलं.

"नाही. माझं पिशवीत आहे," तो जराही न हलता म्हणाला. "सकाळपासून... तेही आता कंटाळलंय."

घराच्या तळमजल्यावर माझा जनावरांचा दवाखाना आणि वर दादा, वहिनी नि मी. कुत्र्याचा पाय मोडलेला असो की पोपट जरा गप्प गप्प वाटत असो, मी सगळ्यांना "या ना" म्हणायचे. बाकावर गर्दी दिसली की बरं वाटायचं. जेवण उभ्याने, वेणी जिना उतरताना, आणि फोन कायम खांदा नि कानाच्या मध्ये.

तो भूगोलाचा शिक्षक, मागच्या गल्लीत नुकताच राहायला आलेला. त्याच्या मांजरीचा कान फाटला होता. मी टाके घालत होते आणि तो माझ्या हातांकडे बघत होता.

"हात छान चालतो तुमचा."

"आणि तोंड?"

"ते फोनवर चालू आहे... त्यामुळे अजून अंदाज आला नाही."

मी फोन ठेवला. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदाच!

कान बरा झाला, तरी तो येतच राहिला. "आता काय झालंय हिला?" मी विचारलं.

"हिला काही नाही... मला."

"माणसांना मी बघत नाही."

"बघताय की. मघापासून."

मी हातातल्या बाटलीचं झाकण दोनदा लावलं.

रविवारी संध्याकाळी नदीच्या पुलावर भेटायचं ठरलं. पहिल्या रविवारी एका सशाला शिंका आल्या आणि मी गेलेच नाही. पुढच्या रविवारी साडी नेसून, कुलूप हातात घेऊन निघाले, तर समोर शेजारच्या मावशी आणि त्यांचं केसाळ कुत्रं. "नखंच कापायचीत गं, पाच मिनिटांचं काम!" मी कुलूप बाजूला ठेवलं. उघडं दार बघून मावशींच्या मागून आणखी कुणी, त्यांच्या मागून आणखी कुणी...

पुलावर पोचले तेव्हा दिवे लागले होते. तो कठड्याला टेकून उभा होता.

"फार सिरियस होतं का कुणी?"

खोटं बोलता आलं असतं. पण जीभ वळेना. "नखं... कापायची होती. कुत्र्याची."

तो हसला नाही. "मला थांबायचं काही वाटत नाही हो. पण कुत्र्याच्या नखांनंतर माझा नंबर असेल, तर तसं सांगून टाका," म्हणाला आणि निघून गेला. पाठमोरा.

सकाळी चहाच्या वेळी मी वहिनीला सगळं सांगितलं.

"चुकलं कुणाचं?" तिने विचारलं.

"माझं."

"मग तोंड पाडून काय बसलीस? तो फोन दे इकडे."

लग्नाआधी वहिनी मोठ्या हॉस्पिटलात रिसेप्शनला होती. रडणाऱ्याला बसवणं आणि ओरडणाऱ्याला उठवणं, दोन्ही तिला छान जमायचं. आम्ही ठरवलं... जिवावर बेतलं असेल तर केव्हाही या. लस, नखं, आंघोळ मात्र वहिनी देईल त्या वेळेला. दुपारी शटर अर्धं खाली आणि मी ताटावर. रविवार बंद.

सुरुवातीला हात नुसते शिवशिवायचे. मावशी तर चिडल्याच. "एवढा भाव खाऊ नकोस!"

"मावशी, नखं उद्या कापली तरी चालतील."

आभाळ कोसळलं नाही. मावशी दुसऱ्या दिवशी आल्या, ठरल्या वेळी, आणि लगेच नंबर लागला म्हणून खूश होऊन गेल्या. आणि मी? जेवताना मला भाजीची चव लागायला लागली.

रविवारी दुपारी मी त्याचं दार वाजवलं. तो शर्टांना इस्त्री करत होता.

"आज कुणी आजारी नाही?"

"असतील. वहिनी बघतेय." मी श्वास घेतला. "वेळ उरला म्हणून नाही आले. काढून ठेवला होता... तुमच्यासाठी."

"किती?"

"तुम्ही कंटाळेपर्यंत."

"मग तुमची पंचाईत आहे," तो हळूच म्हणाला.

"मला तुम्ही आवडता. हे धावता धावता सांगायचं नव्हतं."

त्याने इस्त्री उभी केली. "मलाही तू—"

फोन वाजला. वहिनी! "आता खरंच ये. पिल्लाच्या घशात सुई अडकलीय."

मी त्याच्याकडे बघितलं. तोवर त्याने इस्त्रीचं बटण बंद करून चपला घातल्याही होत्या. "चल. मी येतो."

त्याने पिल्लाचं डोकं घट्ट धरलं, मी चिमटा आत घातला. सुई हळूच बाहेर आली. पिल्लू खोकलं आणि त्याचं मनगट चाटायला लागलं. पिल्लाच्या म्हाताऱ्या मालकांनी डोळे पुसले.

"डॉक्टर, नवा कंपाउंडर ठेवलात वाटतं?"

"नाही काका. हा माझा होणारा नवरा."

वहिनी दारातच थबकली. "अगं, ठरलं कधी?"

"आत्ताच... म्हणजे, याला अजून विचारलं नाही."

पिल्लाला तसंच धरून तो माझ्याकडे बघत राहिला. कानाच्या पाळ्या लालबुंद.

"विचार की मग," तो म्हणाला. "हो म्हणायला मला काही वेळ लागत नाही."