अक्काच्या अंगावरचं ठिगळ

ही गोष्ट मी कुठं ऐकलेली नाही, कुठं वाचलेली नाही. माझ्या मावसबहिणीच्या घरात घडलेली आहे, आणि तिचा शेवट तर माझ्या डोळ्यांदेखत झाला. पांडुरंगाच्या पायावर हात ठेवून सांगते, यात माझ्या पदरचं काही नाही.

गाव लातूर. औसा रोडच्या आतल्या अंगाची साधी कॉलनी. साल दोन हजार तेवीस, नवरात्रातली पाचवी माळ, गुरुवार.

आणि वेळ रात्रीची नव्हती...

भर दुपारची होती. सव्वातीनची.

माझी बहीण सुकन्या कापडी बाहुल्या करते. म्हणजे असतात नव्याच, पण दिसतात जुन्या. पणजीच्या काळची चिंध्यांची बाहुली असायची ना, नऊवारीतली, ठसठशीत कुंकवाची, नाक म्हणजे एक उभा टाका... तशी. कोरं मांजरपाट ती चहाच्या नि काताच्या पाण्यात बुडवते, सावलीत वाळवते, दगडावर घासते. शिवण हाताची. मशीनचा एक टाका दिसला की गिऱ्हाईक ओळखतं. नांदेडच्या प्रदर्शनात एका बाईनं सुकन्याची चार महिन्यांमागं केलेली बाहुली छातीशी धरून डोळ्याला पदर लावला होता, "अगं बाई, ही तर आमच्या आजीचीच!" म्हणून. सुकन्या मला हसून म्हणाली, "आता मी कशाला तिच्या आजीला खोटं पाडू, ताई?"

खऱ्या जुन्या बाहुल्याही लोक तिच्याकडं नीट करायला आणतात. जुन्यावर जुनंच ठिगळ लावायचं, कुठं लावलंय ते कळू द्यायचं नाही, हा तिचा अभिमान.

सुकन्या दुसरेपणाची. दयानंदरावांची पहिली बायको, आरती, डेंग्यूनं गेली तेव्हा त्यांची गोदावरी तीन वर्षांची होती. दीडेक वर्षानं सुकन्या त्या घरात आली. गोदू तिला मावशी म्हणायची. सुकन्यानं वेण्या घातल्या, डबे केले, तापात उशाशी बसली. तरी मावशीच.

मग त्या सालच्या संक्रांतीला गोदू तापात बरळली, "आई, पाणी."

सुकन्यानं पाणी दिलं आणि ओट्याशी उभी राहून हमसाहमशी रडली. मला लगेच फोन. "ताई, म्हणली गं! मला म्हणली!"

त्या एका शब्दावर ती बाई जगून राहिली होती, असं म्हणा ना.

पितृपक्षात, अविधवा नवमीच्या आदल्या दिवशी, देगलूरहून एक म्हातारी आली. रत्नम्मा. ऐंशीच्या पुढची, काटक, बोलण्यात थोडा कानडी हेल. पिशवीतून तिनं हातभर लांबीची बाहुली काढली आणि मांडीवर घेतली.

"आमच्या अक्काला नीट करायचंय, पोरी. उंदरानं पोट कुरतडलंय."

सुकन्याला वाटलं, बाहुलीचं लाडाचं नाव असेल. कोण ठमी म्हणतं, कोण अक्का.

बाहुलीच्या अंगावर लुगड्यावर लुगडी होती. कांद्याच्या पापुद्र्यासारखी. सगळ्यात आतलं मळकट तांबडं.

"आतलं काही काढू नको," म्हातारी म्हणाली. तिनं एक पुरचुंडी सोडली. तांबड्या कापडाचा तुकडा होता. "ह्येच लाव. दुसऱ्या कुणाचं लावू नको. कुणाचं म्हंजी कुणाचंच न्हाई."

"हाव आज्जी."

"दसऱ्याला न्यायला येते. नवं कापड आधी तिला लागतंय."

आता बघा, इथं चूक झाली. चूक म्हणावी का हातचलाखी... देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सुकन्या शिवायला बसली. तर तो तुकडा इतका विरलेला, की सुई घातली की फाटायचा. टाकाच धरीना. तिनं शिवणाची पेटी धुंडाळली. तसा तांबडा रंग नव्हता.

मग तिला माळ्यावरची ट्रंक आठवली.

आरतीची इरकल. दयानंदरावांनी गोदूच्या लग्नासाठी ठेवलेली. तोच तांबडा, तशीच वापरून मऊ झालेली.

कुणाला कळतंय... आतल्या बाजूनं, निऱ्यांच्या टोकाकडून, चार बोटं.

अकरा टाक्यांत ठिगळ बसलं. असं बसलं की स्वतः सुकन्यालाही शिवण शोधावी लागली. नमुना उतरवून तशीच एक नवी करायची म्हणून तिनं बाहुली घरातच, खिडकीशी ठेवली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गोदू खिडकीपुढं मांडी घालून बसली होती. शाळेतलं सगळं सांगत होती.

"कुणाशी बोलून राहिलीस गं?"

"आईशी."

सुकन्या हसली. "मी इकडं आहे की, येडाबाई."

गोदूनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. शांतपणे.

"तू तर मावशी."

पोरीचं मन, असतं कधी कधी, असं सुकन्यानं स्वतःला समजावलं.

मग आवाज सुरू झाले.

दुपारी घरात कोणी नसायचं. दयानंदराव एसटीच्या डेपोत, गोदू शाळेत. सुकन्या बाहेरच्या खोलीत शिवत असायची... आणि स्वयंपाकघरातून आवाज यायचा.

थप्... थप्... थप्...

कुणीतरी भाकरी थापतंय. मधे काकणं वाजतायत.

सुकन्याच्या घरी चपात्या होतात. तिला भाकरी थापता येत नाही. आरतीच्या भाकरीचं कौतुक मात्र दयानंदरावांच्या तोंडी अजून असायचं.

ती उठून आत गेली.

कोणी नाही. परात भिंतीला उभी. कोरडी ठणठणीत.

तिनं परातीला हात लावला...

परात थरथरत होती.

तिसऱ्या माळेला सुकन्यानं नवी हिरवी साडी नेसली. गोदू शाळेतून आल्यावर सुकन्याचा जरा डोळा लागला. उठून बघते तर पदराच्या टोकाचं चार बोटं कापड गायब. सरळ, नीट कापलेलं.

आणि खिडकीतल्या बाहुलीच्या अंगावर एक नवं लुगडं. हिरवं.

सुकन्यानं गोदूला दंडाला धरून ओढलं आणि थोबाडीत ठेवून दिली. आयुष्यात पहिल्यांदा. चार बोटं उमटली पोरीच्या गालावर.

"माझी साडी कापतीस? तिच्यासाठी?"

गोदू रडली नाही. "मी न्हाई कापली. आईला आधी द्यायचं असतं म्हणे. तू दिलंच न्हाईस."

"कोण म्हणे?"

गोदूनं खिडकीकडं बोट केलं.

मग सुकन्यानं बाहुली उचलून बघितली. हिरव्या लुगड्याची शिवण बारीक होती. एकेक टाका मोहरीएवढा. सहा वर्षांच्या पोरीचा हात नव्हता तो.

खरं सांगायचं तर, सुकन्याचाही नव्हता.

तिनं देगलूरला फोन लावला. "आज्जी, ही अक्का म्हणजे कोण?"

"आता विचारतीस व्हय?" म्हातारी खोकली. "माझी सवत गं. माझ्या आधीची. लोक मेलेल्या पहिलीच्या नावानं चांदीचा टाक दुसरीच्या गळ्यात घालतात. आमच्याकडं चांदी कुठली? तिच्या लुगड्याची बाहुली केली माझ्या सासूनं. साठ वर्सं झाली. घास आधी तिला, कापड आधी तिला, मग मला. काय बिघडलं? माझी पोरं जगली." मग आवाज बदलला. "का गं? तू मी दिलेलंच कापड लावलंस न्हवं?"

सुकन्याची नजर माळ्यावरच्या ट्रंकेकडं गेली.

"कुणाचं लावलंस?"

"...आमच्या घरातल्या पहिलीचं."



"उसवू नको," रत्नम्मा म्हणाली. "ऐक माझं. आज तुझ्या घरातल्या पहिलीच्या नावानं पान वाढ. साडीचोळी ठेव. हात जोडून अक्का म्हण. म्हण, अक्का, पोर आधी तुझी, मग माझी. मग मी येते, दोघी मिळून सोडवू. पण एकटीनं रागानं उसवू नको गं बाई..."

किती सोपं होतं हो! एक पान वाढायचं. एकदा अक्का म्हणायचं. माझी बहीण काही वाईट बाई नाही. आल्यागेल्याला जेवल्याशिवाय सोडत नाही.

पण ते एक वाक्य तिच्या तोंडून निघेना. *पोर आधी तुझी.*

दोन दिवस तिनं तसेच काढले. दोन दिवस गोदू बाहुलीपुढं घास ठेवल्याशिवाय जेवली नाही. "आधी आईला." प्रत्येक जेवणाला. "आधी आईला, मावशी."

पाचव्या माळेला, गुरुवारी, शाळा लवकर सुटली होती. गोदू बाहेरच्या खोलीत अभ्यासाला बसली. सुकन्यानं बाहुली आत नेली. दार लोटलं. ब्लेड घेतलं.

सव्वातीन.

पहिला टाका कापला.

बाहेरून गोदूचा आवाज आला. "आई गं!"

पेन्सिल टोचली असेल.

दुसरा टाका.

"आई गं..."

सुकन्या दाराशी गेली, फटीतून बघितलं. गोदू खाली मान घालून पाढे लिहीत होती. मजेत होती.

तिसरा. चौथा. पाचवा.

"आई... आई... आई..."

आणि माझ्या बहिणीला काय वाटलं माहीत आहे? तिनं स्वतः मला सांगितलं, माझे हात धरून. तिला वाटलं, पोर मलाच हाक मारतेय. ती सुटतेय नि माझ्याकडं येतेय. तिला आनंद झाला हो! तिनं हात आणखी भरभर चालवला.

सहावा. सातवा. आठवा.

"आई..." आवाज आता बारीक झाला होता. विहिरीच्या तळातून आल्यासारखा.

नववा.

"आ..."

दहावा.

नुसता श्वास.

अकरावा टाका तिनं कापला...

बाहेर काहीच आवाज झाला नाही.

ठिगळ तिच्या हातात आलं. ते ओलं होतं. इतकं ओलं की मुठीतून पाणी गळलं.

दार ढकलून गोदू आत आली. चेहरा हसरा. "भूक लागली."

सुकन्यानं तिला कवटाळलं. "काय म्हणायचं मला? सांग, काय म्हणायचं?"

गोदू तिच्याकडं बघत राहिली. ओठ हलले. मग खांदे उडवून म्हणाली, "भूक लागली ना."

त्या दिवसापासून 'मावशी' ही हाकही गेली. पोर तिला कशानंच हाक मारत नाही. काही हवं असेल तर पदर ओढते. भिंतीवर आरतीचा हार घातलेला फोटो आहे, त्याच्यापुढं उभी राहून वडलांना विचारते, "या बाई कोण?" दयानंदरावांनी सांगितलं की ऐकून घेते. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते. हसत. नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. कान चांगले, घसा चांगला, डोकं हुशार.

दसऱ्याला रत्नम्मा आली. बाहुलीच्या पोटाचं भगदाड बघितलं. गोदूच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि निघताना सुकन्याला म्हणाली, "एकीचं उसवायला गेलीस. दोघींचं उसवलंस बघ."

पाणीसुद्धा न पिता गेली.

आता शेवटचं सांगते, ते मी स्वतः बघितलेलं.

माघात कंधारकडं आमच्या गावात सप्ताह होता. मी सुकन्याला म्हटलं, लेकराला घेऊन ये. नामाच्या गजरात बसव. माझा विश्वास आहे त्यावर, कालही होता, आजही आहे. काल्याच्या दिवशी सकाळी कीर्तनाला आम्ही मंडपात पुढं बसलो. गोदू सुकन्याच्या मांडीत. बुवा मोठे रसाळ. त्या दिवशी त्यांनी विषयच आईचा घेतला. काय सांगू तुम्हाला! पाचशे माणूस होतं, पण पाखराचा आवाज नाही. बायांचे पदर डोळ्याला, गडीमाणसं उपरण्यानं नाक पुसतायत. मृदंगवालाही रडत होता.

मला वाटलं, आता. आता या पोरीच्या काळजाला पाझर फुटेल.

गोदू चुळबुळ करू लागली. तिनं माझा पदर ओढला.

"हे सगळे का रडून राहिलेत?"

"बुवा सांगतायत ते ऐक ना, बाळ. किती गोड सांगतायत."

"ऐकून राहिले की." तिनं कपाळाला आठी घातली. "पण बुवा मधेमधे गप का होतात?"

मी म्हटलं, "कुठं गप झाले?"

"आत्ता झाले... बघा. आत्ता पुन्हा झाले... आता पुन्हा."

सुकन्याचा हात माझ्या मनगटावर आला.

मी वर बघितलं.

बुवा गप झालेले नव्हते. दोन्ही हात आभाळाकडं उचलून, गळ्याच्या शिरा ताणून, ते एकच शब्द म्हणत होते. पुन्हा पुन्हा.

गोदू त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडं बघत, वाट बघत बसली होती. कधी बोलतील म्हणून.

या गोष्टीला दीड वर्ष होईल. कीर्तन मी सोडलेलं नाही, सुटणारही नाही. पण बुवा त्या शब्दाजवळ आले की माझ्या हातातले टाळ थांबतात...

तो माझ्या कानावर पडला, की मगच पुन्हा वाजवते.