टीव्हीवर थांबलेली होडी

"मागे घे! अजून मागे!" संजना ओरडली.

अनिशने रिमोटचं बटण दाबून धरलं आणि टीव्हीवरचा समुद्र उलटा धावू लागला. टेकडीवरच्या रिसॉर्टचा कॅमेरा दिवसभर किनारा इंटरनेटवर थेट दाखवायचा, आणि आधीचं चित्र मागे नेऊनही बघता यायचं. मुंबईहून दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडे आलेला अनिश येता-जाता तो लावून बसायचा. टीव्हीला जोडायचा छोटा बॉक्सही त्यानेच आणला होता. मावसबहीण भक्ती त्याला त्यावरून चिडवायची, "खरो समुद्र दारात आसा, नि ह्यो टीव्हीत बघता!"

आज ती चिडवत नव्हती. संजनाचे बाबा लवू आणि त्यांचा जोडीदार बाळाकाका पहाटे जाळी काढायला गेले होते. जेवणाची वेळ टळली तरी दोघं परतले नव्हते.

रिसॉर्टचा मालक जितेंद्र सकाळी स्पीडबोट घेऊन समुद्रात गेला होता. त्याने बंदरावर सगळ्यांना सांगितलं, "विजयदुर्गाच्या बाजूक जाताना बघलंय मी तेंका!" गावातल्या झाडून सगळ्या होड्या उत्तरेकडे गेल्या. संजनाची आई पाण्याकडे बघत वाळूत उभी होती. संजनाला कुणी होडीत घेईना. तेव्हा तिला तो कॅमेरा आठवला, आणि ती धावत भक्तीकडे आली.

"थांब! ती बघ!"

निळ्या पट्ट्याची, लाल बावट्याची होडी. संजनाने ती हजार होड्यांतून ओळखली असती.

"पण ही तर कावळखडकाजवळ आसा!" भक्ती म्हणाली. "म्हणजे दक्षिणेक!"

अनिशने चित्र पुढे जाऊ दिलं. उजवीकडून पांढरी स्पीडबोट सुसाट आली. ना वेग कमी झाला, ना ती वळली. ती सरळ होडीवर गेली!

संजना टीव्हीला जवळजवळ चिकटली. पाण्यावर पालथी होडी उरली होती, काळ्या ठिपक्याएवढी. स्पीडबोट क्षणभर थांबली. तिने एक वळसा घेतला आणि ती निघून गेली.

"जितेंद्रकाका!" भक्ती पुटपुटली. "तेंनी मुद्दाम उलटी दिशा सांगली!"

तिने घाईघाईने मोबाइल काढून टीव्हीचा फोटो घेतला. फोटोत नुसत्या पट्ट्या आणि खिडकीचा उजेड. होडीचा पत्ताच नाही!

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून भक्तीच्या आईचा आवाज आला. ती फोनवर बोलत होती. "अरे जितेंद्र, तुझ्या कॅमेऱ्यात लवूची होडी दिसता रे! पोरांनी शोधून काढली!"

तिघांची तोंडं पांढरी पडली. तिला बिचारीला काय माहीत!

"तो आता सगळं पुसून टाकणार, मग आपलं कोण ऐकणार?" अनिश म्हणाला. "स्क्रीनशॉट काढू! बॉक्सच्या आतच राहील तो."

"मग काढ ना!"

त्याने रिमोटवरचं बंद करायचं आणि आवाज कमी करायचं, अशी दोन्ही बटणं दाबली. टीव्ही काळा झाला!

"काय केलंस?" भक्ती किंचाळली.

"एकाच वेळी दाबली गेली नाहीत. एक बोट आधी पडलं गं!"

टीव्ही पुन्हा सुरू झाला. समुद्र पुन्हा मागे धावला. या वेळी संजनाने रिमोट हातात घेतला. जाळ्याच्या गाठी सोडवून तिच्या बोटांना जोर आला होता. तिने दोन्ही बटणं एकदम दाबली आणि दाबून धरली. चित्र एकदा लुकलुकलं. कोपऱ्यात अक्षरं उमटली : स्क्रीनशॉट जतन झाला.

खडकाजवळची होडी. अंगावर येणारी स्पीडबोट. मग पालथा ठिपका आणि शेजारी थांबलेली स्पीडबोट. तिसरं चित्र जतन झालं आणि पडदा अंधारला. प्रक्षेपण बंद!

"भक्ती, रुक्मिणीमॅडमना आण! धाव!" संजना ओरडली.

रुक्मिणीमॅडम म्हणजे सागरी पोलीस चौकीच्या हवालदार. त्या आल्या, त्यांच्यामागून जितेंद्रही धापा टाकत आला.

"मॅडम, पोरांचे खेळ हे! व्हिडिओ आहे कुठे? दाखवा मला!"

"व्हिडिओ तुम्ही पुसलात," संजना म्हणाली. "हे बघा."

तिने एकेक चित्र उघडलं. कोपऱ्यात तारीख, सकाळची वेळ आणि रिसॉर्टचं नाव स्वच्छ दिसत होतं. तिसऱ्या चित्राला जितेंद्र खुर्चीत कोसळला.

"मी मोबाइल बघी होतंय... होडी दिसाकच नाय. माका भय वाटला."

"ते पाण्यात होते, आणि तुम्ही सगळ्यांना उलट्या दिशेला पाठवलंत?" मॅडमचा आवाज थंड होता.

"तेव्हापासून ओहोटी होती," संजना घाईने म्हणाली. "खडकापासून बाहेर, दक्षिणेकडेच वाहत गेले असतील!"

मॅडमनी चित्रातला खडक पाहिला आणि वायरलेस उचलला. सगळ्या होड्या मागे फिरल्या.

सूर्य टेकायच्या आत ते सापडले. लवू पालथ्या होडीला एका हाताने धरून होता. दुसऱ्या हातात बाळाकाकांचा सदरा होता. बाळाकाका दुपारीच गेले होते. लवूने तरी त्यांना सोडलं नव्हतं. त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

बंदरावर अख्खं गाव जमलं होतं. जितेंद्रला पोलिसांच्या गाडीत बसवलं. रुक्मिणीमॅडम मुलांपाशी आल्या. "तुमच्यामुळे एक माणूस जिवंत परत आला. मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत. शाब्बास!"

संजनाला मान वर करवेना. अनिश हळूच म्हणाला, "सकाळीच बघितलं असतं तर?"

बाळाकाकांची बायको, सीताकाकी, गर्दीतून वाट काढत आली. संजना दोन पावलं मागे सरली. आपले बाबा वाचले आणि यांचा माणूस गेला! कुठल्या तोंडाने बघायचं यांच्याकडे?

सीताकाकीने तिला जवळ ओढलं.

"दर्यान तेका ठेवून घेतलो असतो गो चेडवा. माका तेचा तोंडय बघूक मिळाला नसता," ती म्हणाली. "तुमी बघलात, म्हणान तो घराक इलो."

मग ती मटकन वाळूत बसली. संजना तिच्या शेजारी टेकली. भक्ती आणि अनिशही आले, आणि माणसं सीताकाकीला घरी घेऊन जाईपर्यंत तिघं तिच्यापाशी बसून राहिली.