शिंगांच्या टेकडीवरचा पाहुणा

घरातलं पाणी संपलं होतं, म्हणून भर दुपारी पखाल घेऊन झऱ्यावर गेलो. जुमाना, माझी लेक, आठ दिवस तापानं फणफणत होती. कितीही पाजा, जीभ कोरडीच. शेजारच्या हिंदाला तिच्याजवळ बसवलं आणि निघालो.

येताना वाट दोन सुळक्यांच्या, शिंगांच्या टेकडीवरून. त्याआधी दोन वर्षं तिथं समुद्रापलीकडून चालून आलेल्या फिरंग्यांची फौज तहानेनं व्याकूळ होऊन मेली. आपल्या माणसांनी गवत पेटवून दिलं होतं, आणि मी उंटांवरून आपल्या फौजेला पाणी पोचवत होतो. धुरातून एक फिरंगी रांगत आला. ओंजळ पुढे केली. आता आमच्यात रीत अशी, की शत्रूला आपल्या हातचं पाणी पाजलं की तो पाहुणा. मग त्याच्यावर कुणी तलवार उचलायची नाही.

माझा जोडीदार ताहिर हसला. "पाजा, चाचा, पाजा. मग घरी न्या, जेवूही घाला."

मला लाज वाटली. पखालीचं तोंड मातीवर सोडलं. माती पाणी पीत होती आणि तो बघत होता.

तर त्या दुपारी टेकडीवर ऊन मधासारखं साचलं होतं. पाखरू नाही, वारा नाही. पण गवत जळाल्याचा वास... दोन वर्षांनी. दगडाला टेकून तो बसला होता. अंगात लोखंडी कड्यांचा अंगरखा, ओठ फाटलेले. भीती वाटली नाही, खरं सांगतो. झोपेत चालावं तसा त्याच्यापाशी गेलो. त्यानं ओंजळ धरली.

"घरी पोर आजारी आहे," मी हळूच म्हटलं. "थोडं ठेव..."

तो पीत राहिला. पखाल सपाट झाली, तेव्हा दगडापाशी कुणी नव्हतं. पुन्हा झऱ्याकडे वळायचं होतं, पण पाय घराकडेच चालले. मागून कड्यांची बारीक किणकिण येत होती. मी वळून पाहिलं नाही.

हिंदा दारातच भेटली. "रिकामीच आणलीत? मग माझा जरा डोळा लागला, तेवढ्यात पोरीला पाणी पाजलं कुणी?"

जुमानाचं कपाळ थंडगार होतं. ओठ ओले.

"पाहुण्यानं पाजलं, अब्बा. ओंजळीनं. तो बघा, कोपऱ्यात बसलाय."

कोपरा रिकामा होता. तरी रीत ती रीत. मी तिथं भाकरी ठेवली, झऱ्यावरून पुन्हा पाणी आणून वाडगा ठेवला.

याला वर्ष झालं. पोर हसतेखेळते. वाडगा रोज भरतो, रोज रिकामा होतो. काल संध्याकाळी भरायला बसलो, तर जुमाना म्हणाली, "एका वाडग्यानं नाही भागायचं, अब्बा."

"का गं?"

"त्यानं बाकीच्यांना आपलं घर दाखवलंय. अंगणात उभे आहेत सगळे... पार टेकडीपर्यंत."

अंगणात कुणी नव्हतं. जळक्या गवताचा वास होता फक्त. दाराशी नुकताच काठोकाठ भरलेला रांजण होता. डोकावून पाहिलं. पाणी सावकाश खाली खाली चाललं होतं.

मागं जुमानानं ओठांवरून जीभ फिरवली.

"अब्बा," ती म्हणाली, "तहान लागलीय..."