आबांची कात

संध्याकाळच्या खेळाआधी तातू गावडे डच वखारीच्या मागल्या खोलीत कात अंगात चढवत होता. कात म्हणजे एक घट्ट, राखाडी कापड. मानेपासून घोट्यापर्यंत येणारं. सरकारदरबारी त्याचं नाव 'स्मृतिवस्त्र' होतं, पण असलं नाव चहा पिताना कोण घेणार? कलाकार कातच म्हणत.

त्या कापडात केसाहून बारीक तंतू विणलेले होते. एखादा नट ते घालून नाचला की त्याच्या प्रत्येक स्नायूची हालचाल तंतूंत साठायची. मग दुसऱ्या कुणी ते घालायचं. हलका वीजप्रवाह सोडला की तेच तंतू त्याच क्रमानं आकसायचे आणि घालणाऱ्याचं अंग पहिल्या नटासारखं हलवायचे. आवाज गळ्याभोवतीच्या पट्टीतून यायचा. घालणाऱ्यानं नुसते ओठ हलवायचे. तो स्वतः ओरडला, तरी पट्टी त्याचा आवाज पुसून टाकायची.

तातूच्या अंगातली कात त्याच्या वडिलांची, आबांची होती. भिकाजी गावडे म्हणजे दशावतारातले नावाजलेले स्त्रीपार्टी. ते शालू नेसून रंगमंचावर आले की बायका आपला पदर नीट करत, असं लोक सांगत. त्यांच्या शेवटच्या मोठ्या प्रयोगाची हालचाल या कातीत साठवली होती. त्यानंतर चारच दिवसांत आबांना हृदयाचा झटका आला आणि पाठोपाठ अर्धांगवायू. वाचाही गेली, घशातून नुसता अस्पष्ट आवाज निघे. मंडळी म्हणाली, बरं झालं, आबा कातीत तरी राहिले.

वेंगुर्ला आता शहर झालं होतं. बोटीनं येणारे पाहुणे दीपगृह बघत, सातेरीच्या देवळात वारूळरूपातल्या देवीपुढे हात जोडत, बाजारात रंगीत लाकडी फळं घेत आणि दिवस कलला की वखारीत दशावतार बघायला येऊन बसत. वारसा मंडळ या फेरीला 'कलावाट' म्हणे. वखारीतला खेळ मंडळाच्या दप्तरी 'जसाच्या तसा' म्हणून नोंदला होता. म्हणजे त्यात काही बदलायचं नाही.

आता दशावतारात बदलायचं नाही म्हणजे काय, हे दशावताऱ्याला विचारा. त्याला संहिता नसते. खेळाआधी सूत्रधार दोन वाक्यांत आख्यान सांगतो आणि बाकी सगळं रंगमंचावर, समोरच्याच्या डोळ्यांत बघून उभं राहतं. कुणी चुकला, पडला, विसरला, तरी खेळ मोडायचा नाही. समोरच्यानं ते कथेत घालून सावरून न्यायचं. पण कात समोर असली की सावरायचं काय? राणी रोज तेच बोलणार. मग राजालाही रोज तेच बोलावं लागे.

राजा व्हायचे दिगूकाका मेस्त्री. आबांचे जुने जोडीदार. ते मुकुट बांधता बांधता म्हणाले, "तातू, माका एकदा तुझी राणी बघूची आसा. आबाची नको."

"माकाय बघूची आसा," तातू म्हणाला. "पण आबांचा काय?"

तिथंच त्याचा पाय अडकला होता. रोज रात्री तातू घरी आला की आये आबांच्या खुर्चीसमोर पडदा लावायची आणि त्या दिवशीचा वखारीतला खेळ त्यावर सुरू व्हायचा. दिवसभर दगडासारखे बसलेले आबा त्याच वेळी तेवढे हलायचे. डावा हात उचलायचे, घशातून आवाज काढायचे, डोळ्यांतून पाणी गाळायचे. आये म्हणायची, "बघ, कसे खूश झाले. स्वतःक बघतत ना." बापाला दिवसातून तेवढाच एक आनंद. तो कोणत्या तोंडानं हिरावून घ्यायचा? तातूला मात्र हल्ली जेवताना नसलेला पदर सावरायची सवय लागली होती. चालताना आबांसारखी मान कलायची. आपलं असं अंगात काय उरलंय, या विचारानं त्याला घाबरायला व्हायचं.

त्या दिवशी मंडळाच्या रेवती सामंत यांनी आबांना गाडी पाठवून वखारीत आणलं होतं. कलावाटेचा वर्धापनदिन होता. आबांची चाकाची खुर्ची पहिल्या रांगेत लावली.

खेळ सुरू झाला. तातूचं अंग आबांच्या चालीनं रंगमंचावर गेलं. राजा लढाईला निघाला, राणीनं त्याला अडवलं आणि मग ती प्रसिद्ध जागा आली. राणीचा उजवा हात छातीच्या डाव्या बाजूला जातो, बोटं शालूत रुततात, खांदा जरा पुढे येतो, श्वास तुटतो आणि तुटलेल्या श्वासातच ती हसून निरोप देते. मंडळानं त्याला 'विरहमुद्रा' असं नाव देऊन टाकलं होतं. कलावाटेच्या प्रत्येक फलकावर तीच होती.

तातूची बोटं शालूत रुतली. पहिल्या रांगेत आबांनी हात उचलला. घशातून आवाज आला. घरी पडद्यासमोर येई तसाच. घरी तातू खुर्चीच्या मागे बसे. आज मात्र तो समोर होता आणि आबांचे ओठ त्याला दिसत होते.

"दु... दुखता," आबा म्हणाले. "दुखता रे माका."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या नटाचं मन भरून आलं असं त्यांना वाटलं. रेवतीबाईंनीही डोळे पुसले.

तातूला एका क्षणात सगळं कळलं. तो विरह नव्हता. त्या शेवटच्या प्रयोगात आबांची छाती आवळली होती आणि खेळ मोडायचा नाही म्हणून त्यांनी ती कळ राणीच्या निरोपात घालून सावरून नेली होती. तीच कळ मंडळानं फलकावर लावली. तीच रोज मुलाच्या अंगात आवळली जात होती. आणि बाप रोज पडद्यासमोर रडून तेच सांगत होता. तातू ओरडला. गळपट्टीतून आबांचं पद सुरेल वाहत राहिलं. कात बंद करायचं बटण मानेमागे होतं, पण त्याचे हात राणीचे होते. सवयीनं त्याचे ओठसुद्धा पुन्हा हसत होते.

दिगूकाकांनी आबांचं 'दुखता' ऐकलं होतं. त्यांनी तातूच्या डोळ्यांत पाहिलं. मग किती वर्षांनी कोण जाणे, ठरलेलं वाक्य सोडून ते पुढे आले. "राणी, तुझं चित्त थाऱ्यावर नाही. ये, क्षणभर विसाव," असं म्हणत त्यांनी राणीला जवळ घेतलं आणि मानेमागचं बटण दाबलं.

तंतू सैल पडले. आवाज बंद झाला. तातू गुडघ्यांवर आला. खेळ मोडला नव्हता. आता राणीनं काहीतरी करायचं होतं आणि ती राणी पहिल्यांदाच तातू होता. याच क्षणाची त्यानं वाट पाहिली होती.

तो उठला. बोलायला तोंड उघडलं. आणि त्याचा उजवा हात सावकाश वर आला, छातीच्या डाव्या बाजूला गेला. बोटं रुतली, श्वास तुटला. कात तर मेल्यासारखी लोंबत होती.

आबांनी खुर्चीतून मान पुढे काढली. दिगूकाका राजाची भाषा विसरून गेले. भर रंगमंचावर, सगळ्यांसमोर, त्यांनी हळूच विचारलं,

"तातू, ह्या आबाचा दुखता, की तुझा?"